रेडिओ केंद्राचा परवाना आणि श्रोत्याची भाषा

साठी उलटलेल्या आमच्या वाचकांना रेडिओचे लायसन नक्की आठवत असेल. घरात रेडिओ आला की पोस्टात जाऊन त्याचे पुस्तक काढायचे, दरवर्षी पैसे भरून त्याचे नूतनीकरण करून घ्यायचे आणि तपासनीस दारात उभा राहिला तर ते पुस्तक त्याच्यापुढे धरायचे. १९८०च्या दशकात सरकारने हे लायसन टप्प्याटप्प्याने रद्द केले. तोवर या देशात ऐकणाऱ्याला परवाना लागत होता. बोलण्याचा अधिकार मात्र एकट्या आकाशवाणीकडे होता.

त्या दिवसांत आपल्या सीमाभागाच्या एका अंगाला धारवाडची आकाशवाणी होती, दुसऱ्या अंगाला सांगलीची. धारवाडचे केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगलीचे १९६३ साली. शेतातल्या खोपीवर, किराणा दुकानाच्या फळीवर, एस. टी. थांब्याजवळच्या हॉटेलात ट्रान्झिस्टरची सुई जिथे लागेल ती भाषा घुमायची. एकाच घरात सकाळी सांगलीची मराठी आणि संध्याकाळी धारवाडची कन्नड ऐकली जाई आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. एकदा लायसन भरले की सुई कुठे फिरवायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आता परिस्थिती उलटी झाली आहे. ऐकणाऱ्याला परवाना लागत नाही, बोलणाऱ्याला लागतो. तो देताना काय पाहिले जाते आणि काय पाहिले जात नाही, हे आपल्या वाचकांनी समजून घ्यावे म्हणून हा लेखप्रपंच. त्याला तसे निमित्तही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांचा लिलाव करण्यास मंजुरी दिली. सर्व वाहिन्यांची मिळून राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये ठरली. यामुळे छोट्या शहरांना मातृभाषेतून नवे, स्थानिक कार्यक्रम मिळतील, असे त्या निर्णयाबरोबर सांगण्यात आले. चांगली गोष्ट आहे. परंतु जिथे एका गल्लीत दोन-दोन मातृभाषा नांदतात, तिथे ‘मातृभाषा’ म्हणजे कोणती? आणि ते ठरवणार कोण?

लहरी कुणाच्या?

प्रथम मुळाशी जाऊ. हवेतल्या लहरींवर मालकी कुणाची, या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. निमित्त होते क्रिकेटचे. १९९३ च्या हीरो चषक सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद लागला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी न्यायाधीशांनी त्या खटल्यात मुख्य निकालपत्र लिहिले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या एकट्याच्या मालकीची नाही आणि कोणा धनिकाचीही नाही. तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक संस्थेच्या नियंत्रणाखाली व्हावा, असे त्या निकालाचे सार आहे. आकाशवाणीची मक्तेदारी संपायला हा निकाल मोठे कारण ठरला.

सार्वजनिक मालमत्ता म्हटली तरी ती अमर्याद नाही. गावच्या पाण्यासारखी ती मोजकी आहे. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढाच. एका शहरात दोन केंद्रे फार जवळच्या आकड्यांवर लावली तर दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात. म्हणून आपल्याकडे दोन केंद्रांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर सोडण्याची पद्धत पडली. मोठ्या शहरातला रेडिओ फिरवून पाहा. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ असे आकडे लागतील. यामागे ज्योतिष नाही, ते ठरवून सोडलेले अंतर आहे. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, म्हणून परवाना आला.

पैशाची बोली

परवाना देण्याच्या रीती आपल्याकडे तीनदा बदलल्या. १९९३ पासून काही वर्षे आकाशवाणीने मुंबई, दिल्ली, पणजी अशा शहरांतल्या आपल्याच एफएम वाहिनीवरचे तास खासगी कंपन्यांना विकून पाहिले. मग १९९९ मध्ये पहिला टप्पा जाहीर झाला. ४० शहरांत १०८ वाहिन्या उघड लिलावाने द्यायच्या ठरल्या. कंपन्यांनी उत्साहाच्या भरात वारेमाप बोली लावली. मुंबईतल्या एका वाहिनीचे वर्षाचे शुल्क पावणेदहा कोटींवर गेले आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ होणार होती. म्हणजे पाच वर्षांत दुप्पट. जाहिरातीचे उत्पन्न काही त्या वेगाने वाढणार नव्हते. १०८ पैकी अखेर २१ केंद्रेच चालली. देशातले पहिले खासगी केंद्र ३ जुलै २००१ रोजी बंगळूरला सुरू झाले.

या अनुभवाने शहाणे होऊन २००५ साली दुसरा टप्पा आला. ९१ शहरे आणि ३३८ वाहिन्या. या वेळी बंद पाकिटातून एकदाच भरायच्या रकमेची बोली मागवली आणि वर्षाला उत्पन्नाच्या ४ टक्के हिस्सा ठरवला. धंदा चालला तर सरकारलाही मिळेल, बुडाला तर कंपनी एकटी बुडणार नाही, असा हा व्यवहारी हिशेब होता. कोल्हापूर आणि पणजी या आपल्या शेजारच्या शहरांना खासगी केंद्रे मिळाली ती याच टप्प्यात. तिसऱ्या टप्प्याचे धोरण २०११ मध्ये आले. २०१५ मध्ये १३५ वाहिन्या लिलावात निघाल्या, त्यांपैकी ९७ खपल्या आणि सरकारला सुमारे १,१५७ कोटी रुपये मिळाले. २०१६ मध्ये २६६ वाहिन्या मांडल्या, पण घेणारे मिळाले फक्त ६६ वाहिन्यांना. छोट्या शहरांकडे कंपन्यांनी पाठ फिरवली. २०२४ च्या निर्णयात राहिलेली ही छोटी शहरेच मुख्यत्वे आहेत.

परवान्याची वाट

आता एखाद्या शहराला केंद्र मिळते ते कसे, ते क्रमाने पाहू. माहिती व प्रसारण मंत्रालय शहरांची यादी करते. लोकसंख्येप्रमाणे शहरांचे वर्ग पाडलेले आहेत. महानगरांचा वर्ग सर्वांत वरचा. तीन लाखांपेक्षा जास्त आणि दहा लाखांपर्यंत वस्तीचे शहर ‘सी’ वर्गात, एक ते तीन लाख वस्तीचे ‘डी’ वर्गात. वर्गाप्रमाणे वाहिन्यांची संख्या आणि प्रक्षेपणाची ताकद ठरते. मग दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ज्याला सगळे ‘ट्राय’ म्हणतात ते, राखीव किंमत किती असावी याची शिफारस करते. शिफारस स्वीकारायची की बदलायची, हे सरकार ठरवते.

त्यानंतर कंपन्यांकडून अर्ज येतात. बोली लावणारी भारतीय कंपनी असावी, तिची आर्थिक ऐपत ठरलेल्या मापाची असावी. धार्मिक संस्था, राजकीय संस्था आणि जाहिरात कंपन्या यांना मनाई आहे. तशीच ती न्यास, सोसायटी आणि ना-नफा संस्था यांनाही आहे. म्हणजे एखाद्या गावच्या शंभर वर्षे जुन्या वाचनालयाने किंवा साहित्य संघाने वर्गणी गोळा करून आणली तरी त्यांना या लिलावाच्या मांडवात पाऊल ठेवता येत नाही.

लिलाव संगणकावर होतो. फेरीमागून फेरी, किंमत चढत जाते, ज्याला परवडत नाही तो बाहेर पडतो. जिंकणाऱ्याने पैसे भरले की केंद्र सरकारच्या बिनतारी शाखेकडून त्याला लहरीचा आकडा मिळतो, मनोऱ्याच्या जागेला मंजुरी मिळते, मंत्रालयाशी करार होतो आणि तिसऱ्या टप्प्यात तो १५ वर्षांचा असतो. पुष्कळ ठिकाणी सगळ्या खासगी केंद्रांचे प्रक्षेपण प्रसार भारतीच्या एकाच मनोऱ्यावरून होते. एका कंपनीकडे देशातल्या १५ टक्क्यांहून अधिक वाहिन्या असू नयेत, असाही नियम आहे. स्वतःच्या बातम्या देण्याची खासगी केंद्रांना मनाई राहिली. तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने दर तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली होती.

या साऱ्या वाटेत पैशाचे माप पदोपदी लागते. लिलावाच्या पद्धतीचा गुणही मान्य केला पाहिजे. वशिला चालत नाही, मंत्र्याच्या मर्जीवर परवाना मिळत नाही, सगळे आकडे उघड असतात. परंतु ज्याची बोली मोठी त्याची वाहिनी, या हिशेबात श्रोता कुठेच येत नाही. अमुक शहरात तुम्ही कोणत्या भाषेत बोलाल, गावातल्या किती माणसांना काम द्याल, आसपासच्या खेड्यांसाठी काय कराल, या उत्तरांना लिलावात एकही गुण मिळत नाही.

सीमेवरच्या लहरी, परदेशातही

जगात सगळीकडे असेच आहे का? नाही. कॅनडातली रीत निराळी आहे. तिथे रेडिओ, दूरचित्रवाणी व दूरसंचार यांसाठी एक आयोग आहे. एखाद्या शहरात नवी लहर मोकळी झाली की आयोग अर्ज मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. टोरांटो शहरात ८८.१ हा आकडा मोकळा झाला तेव्हा २२ अर्ज आले. २०१२ मध्ये सुनावणी होऊन एकाला परवाना मिळाला. अर्जदाराने कसली गाणी लावणार, स्थानिक कलावंतांसाठी काय करणार हे लिहून द्यावे लागते आणि दिलेली वचने पुढे परवान्याच्या अटी होऊन बसतात. फ्रेंच भाषेच्या केंद्रांना लोकप्रिय गाण्यांपैकी किमान ६५ टक्के गाणी फ्रेंच लावावी लागतात. इंग्रजीच्या महापुरात फ्रेंच टिकावी म्हणून हा बांध घातला आहे. इतर भाषिक समाजांसाठी जी केंद्रे आहेत, त्यांना १९९९ च्या धोरणाप्रमाणे किमान निम्मे कार्यक्रम इंग्रजी-फ्रेंचखेरीज अन्य भाषांत द्यावे लागतात.

तरीही तिथे सारे आलबेल नव्हते. व्हँकुव्हर आणि सरे या शहरांत पंजाबी माणसांची मोठी वस्ती आहे. ही शहरे अमेरिकेच्या सीमेला लागून आहेत. पंजाबी श्रोत्यांची भूक मोठी आणि परवाने थोडे. मग काही पंजाबी वाहिन्यांनी सीमेपलीकडच्या वॉशिंग्टन राज्यातले मनोरे गाठले. श्रोते आणि जाहिरातदार कॅनडात, लहर मात्र अमेरिकेतून. रेडिओला सीमेवरचे नाके दिसत नाही. २०१४ मध्ये आयोगाने अशा तीन वाहिन्यांना जाब विचारला, आणि विनापरवाना प्रसारण बंद करणे भाग पाडले. मात्र आयोग तेवढ्यावर थांबला नाही. इथल्या लोकांना आपल्या भाषेतले केंद्र हवे आहे, हे ओळखून त्याने त्या भागासाठी अर्ज मागवले आणि २०१८ मध्ये त्या तिघींपैकीच एका कंपनीला रीतसर परवाना दिला.

या गोष्टीतून आम्हाला एकच मुद्दा दाखवायचा आहे. सीमेवरच्या माणसांची भाषेची मागणी खरी असेल तर ती कुठून तरी वाट काढतेच. शहाणा नियामक ती वाट अडवून बसत नाही, तिला परवान्याच्या चौकटीत आणतो. अर्थात सुनावणीची रीत वेळखाऊ आहे आणि अर्जातली गोड वचने पाळून घ्यायला आयोगाला मागे लागावे लागते, हेही खरे. म्हणून लिलाव मोडून टाका असे आमचे म्हणणे नाही. बोली पैशाची असू द्या, पण बोलीआधी भाषेची चौकशी व्हावी, एवढेच.

बाजार आणि भाषा

काही जण म्हणतील, भाषेची काळजी बाजारच घेईल. ज्या भाषेचे श्रोते अधिक त्या भाषेत केंद्र बोलेल. यात थोडे तथ्य आहे. बंगळूरला पहिली खासगी केंद्रे आली तेव्हा त्यांचा ओढा हिंदी आणि इंग्रजीकडे होता. कन्नड श्रोता मोठा आहे हे कळल्यावर केंद्रे कन्नडकडे वळली. आमच्या कन्नड बांधवांनाही आपल्या राजधानीत आपल्या भाषेसाठी वाट पाहावी लागली, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे हा प्रश्न कन्नड विरुद्ध मराठी असा नाहीच. मोठ्या शहरातल्या कचेरीत बसून ठरवलेला कार्यक्रम आणि गावातला कान, यांच्यातला तो प्रश्न आहे. कोल्हापुरातल्या एका केंद्रामागे मराठी दैनिकाचाच समूह होता, म्हणून तिथे कोल्हापुरी बोलीला माईक मिळाला. बोली लावणारा कोण, यावर केंद्राची बोली ठरते ती अशी.

परंतु बाजाराला मोजलेला श्रोताच दिसतो. जाहिरातदारांसाठी रेडिओच्या श्रोत्यांची पद्धतशीर मोजणी २००७ पासून सुरू झाली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार महानगरांत. खानापूर तालुक्यातल्या वाडीत किंवा चिकोडीच्या मळ्यात कोण काय ऐकतो, याचा कागद त्या मोजणीत नव्हता. आम्ही निपाणीहून गाडीने बेळगावकडे येतो तेव्हा कोल्हापूरचे केंद्र हळूहळू विरळ होत जाते आणि तवंदीचा घाट ओलांडल्यावर खरखर तेवढी उरते. त्या खरखरीत जी माणसे राहतात त्यांना कोणी मोजलेले नाही.

छोट्या मनोऱ्याची वाट

एक वाट मात्र लिलावातून जात नाही, ती म्हणजे सामुदायिक रेडिओची. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे काढण्याची परवानगी मिळाली. व्यापारी लिलावात ज्यांना मनाई, त्या संस्थांना इथे दार उघडे आहे. मनोरा छोटा, ताकद थोडी, आवाज आसपासच्या दहाएक किलोमीटरपर्यंत जाणारा. लिलावाची रक्कम नाही, अर्जाची छाननी होते. या धोरणातली दोन कलमे आम्हाला मोलाची वाटतात. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तिथेच तयार झाले पाहिजेत आणि कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी अशाच वाटेने उभी राहिली. माणदेशी बायका आपल्या बोलीत बाजारभावापासून ओवीपर्यंत सारे बोलू लागल्या.

आता विचार करा. दहा किलोमीटरच्या केंद्राला सरकार बोलीबद्दल विचारते. पन्नास किलोमीटरवर पोचणाऱ्या, पैसा मिळवणाऱ्या केंद्राच्या लिलावात मात्र त्याला गुण नाहीत. हा विसंवाद दूर करता येण्यासारखा आहे. ज्या शहराच्या परिसरात दोन भाषा मोठ्या प्रमाणात बोलल्या जातात, तिथे दोन्ही भाषांना दिवसातले ठरावीक तास मिळावेत, एवढी अट लिलावाच्या कागदात आधीच लिहिली तर कंपनीला बोली लावतानाच हिशेब कळेल. मागाहून वाद नको आणि मोर्चाही नको. ही अट बेळगावाला लागू व्हावी तशी सोलापूरलाही व्हावी. तिथल्या कन्नड आणि तेलुगू घरांनाही आपल्या भाषेचा तास मिळावा. जे आपल्यासाठी मागायचे ते शेजाऱ्याला नाकारता येत नाही.

आपण काय करावे?

वाचक विचारतील, एवढ्या मोठ्या कारभारात आमचे कोण ऐकणार? ट्राय कोणतीही शिफारस करण्यापूर्वी चर्चापत्र प्रसिद्ध करते आणि त्यावर हरकती-सूचना मागवते. कंपन्यांची जाडजूड निवेदने तिथे वेळेवर पोचतात. श्रोत्यांची पत्रे क्वचितच असतात. ग्रामपंचायतीचा ठराव, वाचनालयाचे पत्र, शाळेच्या मुख्याध्यापकांचे निवेदन यांनाही तिथे जागा आहे. दुसरे, केंद्र सुरू झाल्यावर त्याचे पोट जाहिरातीवर भरते. आपल्या बाजारपेठेतल्या सराफाने, कापड दुकानदाराने, दूध संघाने मराठीतून जाहिरात मागितली तर केंद्राला मराठी निवेदक ठेवावाच लागेल. तिसरे, एखाद्या शिक्षणसंस्थेने मनावर घेतले तर सामुदायिक केंद्राचा अर्ज करता येतो. तिथे दोन्ही भाषांचे कार्यक्रम शेजारी-शेजारी लागू शकतात, जसे आपल्या गावांत ते रोज चालतात.

आमच्या वडीलधाऱ्यांनी रेडिओच्या लायसनासाठी पोस्टापुढे रांगा लावल्या. त्यांना ऐकण्याचे पैसे द्यावे लागत होते आणि काय ऐकायचे हे कोणी विचारत नव्हते. आता पैसे कंपनी देते, पण ज्या लहरींचे ती पैसे देते त्या सर्वोच्च न्यायालयाच्या शब्दांत आपल्या सर्वांच्या आहेत. घर भाड्याने देताना मालक भाडेकरूला दोन गोष्टी विचारतोच. तुम्ही कोणत्या भाषेत बोलणार, एवढे आपणही विचारू या, आणि ते लिलावाचा हातोडा पडण्याआधी विचारू या.